लघूला एक घर, गुरूला दोन

नाशिक
३ ऑगस्ट २००१

प्रिय कॅथरिन,

आपला बर्नार्ड द्राक्षांची कलमं बघायला नाशकात आला होता. चहाला बसला आणि बशीत फुंकर घालता घालता म्हणाला, "कॅथरिन हल्ली कॉम्प्युटरवर बसते."

मी विचारलं, "बसते म्हणजे? पुसायला?"

"नाही रे. नक्षी काढते. सॅन्टनच्या मशीनसाठी."

बाय, माझा चहा तिथेच निवला. चौथीत भूगोलाच्या नकाशात अर्नाळ्याचा किल्ला समुद्राऐवजी डोंगरावर काढणारी तू! आणि आता सहासष्टाव्या वर्षी कॉम्प्युटरवर नक्षी? बर्नार्डला थापा मारायची सवय आहे हे आपण दोघंही जाणतो, म्हणून तुलाच लिहून विचारतो आहे. खरं काय ते कळव.

माझं म्हणशील तर गिरीजची वाडी विकून इथे मुलाकडे आलो त्याला दोन वर्षं झाली. रमेश बँकेत जातो, सूनबाई विनिता शाळेत शिकवते, आणि मी गॅलरीत बसून जुन्या कविता मनातल्या मनात म्हणतो. इथल्या हवेला मीठ नाही. पावाला ती चव नाही. पहाटे तिथल्या देवळाची, चर्चची, घंटा नाही, त्यामुळे मी रोज उशिरा उठतो आणि दिवसभर काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. परवा बाजारात केळी घेतली, तर विक्रेत्याला त्यांची जात विचारल्यावर तो म्हणाला, "पिवळी."

अक्षर मुद्दाम मोठं काढलं आहे. आपल्या वयात चष्मा शोधण्यात पत्रातली गोडी जाते, म्हणून.

तुझा वर्गबंधू,
हरेश्वर

गिरीज
१६ ऑगस्ट २००१

हरेश्वरा,

तुझं पत्र मिळालं. अक्षर एवढं मोठं की पोस्टमनने सायकलवरूनच वाचलं असणार. दोन ओळींत एक पान संपवतोस, कागद काय नाशकात फुकट मिळतो?

बर्नार्ड या वेळी खरं बोलला. सॅन्टनने माझ्याच ओटीवर भिंत घालून एम्ब्रॉयडरीचं मशीन टाकलंय. शाळांच्या खिशांवरचे बिल्ले करतो. माणिकपूरच्या निम्म्या शाळांची पोरं माझ्या लेकाची कमळं आणि मशाली छातीवर घेऊन हिंडतात. नक्षी आधी कॉम्प्युटरवर टाके घालून तयार करायची, त्याला पंचिंग म्हणतात. मग ती फ्लॉपीवर घ्यायची, फ्लॉपी मशीनच्या तोंडात घालायची, की मशीन सुरू. पंचिंगला एक मुलगा होता. तो सुरतेला गेला. सॅन्टन कपाळाला हात लावून बसला, तेव्हा मी म्हटलं, "सिस्टरांनी मला सात वर्षं भरतकाम शिकवलंय. टाका तो टाका. तो उंदीर दे इकडे."

पहिले आठ दिवस उंदीर टेबलावरून खाली पडत होता. आता नाही पडत.

तुला लिहिते आहे ते कामासाठी. माझा भाचा आग्नेल आठवतो का? तुझ्या वाडीतले पेरू चोरायचा तो. त्याची फादर होण्याची गुरुदीक्षा डिसेंबरात आहे आणि २९ तारखेला आपल्या देवळात त्याची वेदीवरची पहिली उपासना, पहिला मिस्सा. मिस्साच्या वेळी फादर वरून जो झगा घालतात, तो त्याची आत्या म्हणून मी करणार, असं तो सेमिनरीत गेला त्या दिवशीच बोलून बसले. भावजय म्हणते, मुंबईहून तयार आणू, लोक काय म्हणतील, मशीनवर शाळेचे बिल्ले करणारी बाई! सॅन्टन तिच्याच बाजूने. शेवटी तो म्हणाला, "आई, नोव्हेंबर संपायच्या आत नमुना दाखव. मामीला पसंत पडला तर तुझा. नाही तर मुंबईचा."

झगा पांढरा. पुढे गळ्यापासून खालपर्यंत रुंद पट्टा, तोही पांढऱ्या दोऱ्याचा. रंगच नाही, तर नक्षी दिसणार कशी? टाक्यांतून. सुई जिथे आत जाते तिथे बारीक खळगा पडतो, मधला दोरा चमकतो. टाका लांब तर चमक जास्त, आखूड तर कमी. त्या खळग्यांची नक्षी. कॉम्प्युटरमध्ये आतली जागा भरायची तयार भरणं आहेतच, विटा, लाटा, माशाची खवलं. पण तीच मुंबईच्या झग्यांवरही असतात. आपली नक्षी हवी तर पडद्यावर चौकटीचा कागद येतो, त्यावर ठिपके द्यायचे. ठिपका तिथे सुई.

मी रोज त्या कोऱ्या चौकटींकडे बघत बसते. तुझ्या डोक्यात कवितांचा एवढा भुसा भरलाय, त्यातलं एखादं काही दे.

सोबत घरी वाळवलेली सुकेळी पाठवते आहे. जात राजेळी. तुझ्या विक्रेत्याला दाखव.

कॅथरिन

नाशिक
२ सप्टेंबर २००१

प्रिय कॅथरिन,

सुकेळी पोचली. पुडक्याचा वास घेत अर्धा तास बसलो. सूनबाईला वाटलं मला चक्कर आली.

आता काम. तुझं पत्र वाचताना, 'टाका लांब, टाका आखूड' इथे आलो आणि मला एकदम चुरी मास्तर दिसले. हातात छडी, खिशात चिंचोके. आठवतं? लघू अक्षराला एक चिंचोका, गुरू अक्षराला दोन. सगळ्या वर्गाने श्लोक म्हणायचा आणि पाटीवर चिंचोके मांडायचे. तुझ्या ओळीत नेहमी एक गुरू कमी पडायचा, कारण तो तुझ्या गालात असायचा. भाजलेले चिंचोके वर्गात आणायची मास्तरांची चूकच होती म्हणा.

तर बाय, तुझं भरण तयार आहे! भुजंगप्रयात घे. लघू गुरू गुरू, असं चार वेळा. लघूला एक घर, गुरूला दोन घरं, आणि प्रत्येक अक्षराच्या शेवटी सुई. आखूड, लांब, लांब. आखूड, लांब, लांब. नाग डुलत जावा तशी ओळ जाईल. आणि नुसतं वृत्त कशाला, मी दोन ओळी रचूनच देतो:

गिरीजास माझ्या उभी केळ दारी
तिच्या सावलीला निजे सांज सारी

ही अक्षरं कोणाला दिसणार नाहीत. पण आग्नेल ज्या झग्यात उभा राहील त्यात गिरीजची केळ असेल, आणि ते फक्त तुला आणि मला माहीत. माझा पेरूचा हिशेबही फिटला.

एक मात्र कटाक्षाने पाळ. प्रत्येक ओळ काठापासून सुरू झाली पाहिजे, लघूखाली लघू, गुरूखाली गुरू, केसभरही इकडेतिकडे नको. मास्तरांची छडी आठव.

हरेश्वर

गिरीज
२८ सप्टेंबर २००१

हरेश्वरा,

तुझी सांज केळीच्या सावलीला निजली खरी, पण उठली तेव्हा डासांनी तिचं काय केलं असेल ते तू लिहिलं नाहीस. केळीखाली कधी झोपला होतास का रे? आम्ही झोपलोय.

तरी ओळी पंच केल्या. पडद्यावर चौकटीत ठिपके देताना मोठ्याने म्हणत होते, "गि, री, जा, स, मा, झ्या..." सॅन्टन दारात येऊन उभा. "आई, कोणाशी बोलतेस?"

"मास्तरांशी."

तो आल्या पावली मागे फिरला. हल्ली तो माझ्याशी हळू आवाजात बोलतो.

मशीन स्वतःहून प्रत्येक ओळ थोडी सरकवून घालतं. त्याला किती सरकव ते विचारायची एक खिडकी आहे. तुझ्या छडीला भिऊन मी तिथे शून्य टाकलं. लघूखाली लघू, गुरूखाली गुरू, सगळे शाळेच्या प्रार्थनेला उभे. सॅन्टन म्हणाला, "छान दिसतंय, सरळ झग्यावर घेऊ." झग्याचं कापड महाग आहे, एका झग्यापुरतंच आणलंय, म्हणून मी म्हटलं आधी कवीला विचारू. चिंधीवर काढलेला तुकडा सोबत पाठवते. नीट बघ आणि खरं सांग. इथे मला सगळे 'छान' म्हणतात आणि भावजय काहीच म्हणत नाही.

आणि मिस्साला येणार आहेस ना? बर्नार्डने तुझ्यासाठी खाट काढून ठेवली आहे.

कॅथरिन

नाशिक
११ ऑक्टोबर २००१

प्रिय कॅथरिन,

तुकडा मिळाला. काय सांगू! दुधासारखं पांढरं, सायीसारखं चमकदार काम. आपल्या पाट्यांवरचे चिंचोके असे अंगभर लखलखतील असं मास्तरांच्या स्वप्नातही आलं नसेल. गॅलरीत उन्हात धरून किती वेळ बघत बसलो.

एकच बारीकशी गोष्ट. आडवं बोट फिरवलं तर ठीक, आखूड-लांब-लांब अगदी तालात लागतं. पण उभं फिरवलं की बोट खाचेत पडतं. एक खाच, दुसरी खाच, वरपासून खालपर्यंत सरळ, नांगरल्यासारखी. ती तशीच असते का? असेल तर राहू दे, मला यातलं काय कळतं.

डिसेंबरात येणं जमेल असं वाटत नाही. थंडी असते, पाय दुखतात, रमेशला रजा नाही. तू झग्याचा फोटो पाठव, मी बघेन.

हरेश्वर

गिरीज
१८ ऑक्टोबर २००१

हरेश्वर,

तुझं पत्र वाचून तुकडा दोन हातांत धरला आणि ओढला. पोस्टाच्या तिकिटासारखा फाटला. टर्र, सरळ खाचेवर. सगळ्या ओळींच्या सुया एकीखाली एक, त्याच जागी टोचून टोचून कापडाची चाळण झाली होती. झग्यावर घेतला असता तर आग्नेलने हात वर केले असते आणि पट्टा भर मिस्सात उघडला असता. चार जणांनी तो डोळ्यांनी पाहिला होता, माझ्यासकट. कोणालाही दिसलं नाही. तुला नाशकात बसून कळलं.

म्हणून तुझे आभार. आता दुसरं.

तो तुकडा पांढरा नव्हता. पांढऱ्या दोऱ्याचं रीळ संपलं होतं, म्हणून मी एका शाळेच्या बिल्ल्यातला उरलेला दोरा लावला होता. लिंबाच्या सालीसारखा पिवळा. हे लिहायचं राहून गेलं माझ्याकडून. पण बघणाऱ्याला ते लिहून सांगावं लागत नाही.

मोठं अक्षर माझ्यासाठी काढतोस काय? तुझ्या मागच्या पत्रात एका ओळीवर दुसरी ओळ चढली आहे. मी म्हटलं कवी आहे, चढू दे.

डोळ्यांना काय झालंय ते लिही. थंडी आणि पाय यांच्याबद्दल लिहू नकोस.

कॅथरिन

नाशिक
१९ नोव्हेंबर २००१

प्रिय कॅथरिन,

उत्तराला महिना लावला. पाच पत्रं लिहिली आणि फाडली. ती छान होती, त्यात गोदावरी होती, संध्याकाळ होती, फक्त डोळे नव्हते.

हे पत्र सूनबाईच्या हातचं आहे, मी सांगतो आहे. ती म्हणते आहे, "बाबा, मुद्द्यावर या."

मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत. उजवा तर अगदी पिकलाय म्हणतात, आंब्यासारखा. तुझी पत्रं पहिल्यापासून विनिताच वाचून दाखवते, डासांचा भाग तिने दोनदा वाचला. डॉक्टरांनी तीनदा तारीख दिली, मी तीनदा निमित्त काढलं. कोणी डोळ्याला हत्यार लावणार या विचारानेच माझे गुडघे हलतात. मनाला म्हटलं, कविता पाठ आहेत, वाडी डोळ्यांपुढे आहे, नवं काय बघायचं राहिलंय? आणि मिस्साला येऊन तुझ्यासमोर चाचपडायचं नव्हतं. तुकडा उन्हात धरून बघितला हे खोटं होतं. मांडीवर ठेवून बोटांनीच वाचला.

पण तुझा नमुना नोव्हेंबरअखेर दाखवायचा आहे आणि माझ्या छडीपायी तू शून्य टाकलंस, याने मला झोप लागेना. काल दुपारी आठवलं. आमचे वडील केळी लावताना पहिल्या ओळीत दोन केळींमध्ये जिथे मोकळी जागा, तिथे दुसऱ्या ओळीतली केळ लावायचे. मी विचारलं होतं, "सरळ एकामागे एक का नाही?" ते म्हणाले, "सरळ लावली तर वाऱ्याला बोळ मिळतो. एका रात्रीत बाग आडवी."

कॅथरिन, आपण वाऱ्याला बोळ दिला. मास्तरांना सोड. दर ओळ एक घर सरकव.

(मावशी, मी विनिता. चौथ्यांदा तारीख मी घेतली आहे, सहा डिसेंबर. बाबांना अजून सांगितलेलं नाही. तुम्ही काहीतरी करा.)

हरेश्वर

गिरीज
२६ नोव्हेंबर २००१

हरेश्वरा,

सोबत तुकडा आहे. पट्ट्याच्या डाव्या अर्ध्यात ओळी एका बाजूला एकेक घर सरकवल्या, उजव्या अर्ध्यात उलट्या बाजूला. वृत्त तुझंच, अक्षरालाही धक्का नाही. मी ओढून पाहिला, सॅन्टनने ओढून पाहिला, भावजयीने तर पाय लावून ओढला. फाटत नाही.

पडद्यावर जे उमटलं ते बघून मी उंदीर सोडून छातीवर क्रूस केला. ते काय आहे हे लिहिणार नाही. विनिता, तूही सांगू नकोस. डोळे मीट, बोटं फिरव, आणि काय ते मला कळव. ओळखलंस तर भावजयीला दाखवलेला नमुना पास झाला की नाही ते सांगेन.

आणि सहा तारखेला डॉक्टरांकडे जा. गुडघे हलले तर हलू देत, ऑपरेशन गुडघ्यांचं नाही. तिथे पडल्या पडल्या भुजंगप्रयात म्हण. ओळ संपायच्या आत काम होतं असं बर्नार्ड सांगतो, त्याचे दोन्ही झालेत. त्यातली थाप वजा केली तरी फार तर एखादा श्लोक.

मिस्सा २९ ला. पांढऱ्यावर पांढरं आहे, फोटोत काहीही येणार नाही. यावंच लागेल.

कॅथरिन

(टपाल कार्ड)
नाशिक, १ डिसेंबर २००१

केळीचं पान!! मधला दांडा आणि दोन्ही बाजूंना तिरप्या शिरा. अगं, मी आंधळा असतो तरी ओळखलं असतं. म्हणजे आहेच. सहाला जातो आहे. पास झाला का ते कळव. — ह.

(चिठ्ठी, बर्नार्डच्या हाती)
गिरीज, ५ डिसेंबर २००१

पास. भावजय म्हणाली, "बरं आहे." तिच्या तोंडून हे पहिल्यांदाच ऐकलं, तिच्या लग्नापासून. जा आता उद्या. — कॅ.

नाशिक
६ जानेवारी २००२

प्रिय कॅथरिन,

हे पत्र माझ्या हातचं. अक्षर बघ. पोस्टमनला थांबून वाचावं लागेल.

परत येऊन पाच-सहा दिवस झाले, पण मी अजून गिरीजलाच आहे. रमेशने अखेर रजा काढली, हे त्याने मोठ्या त्यागासारखं सांगितलं आणि बर्नार्डकडे तीन दिवस मासळी खाल्ली. विकलेल्या वाडीवरून जाताना मी मान दुसरीकडे वळवणार होतो. पण एका डोळ्याला नवा उजेड मिळाला की मान ऐकत नाही. तिथे आता चार मजले झालेत. कोपऱ्यातली एक केळ राहू दिली आहे त्यांनी, नळाशेजारी. पानं हिरवी आहेत, कॅथरिन. मला वाटलं होतं हिरवा रंग जुना झाला, म्हणून फिका पडला.

तू गर्दीला जेवण वाढत होतीस, म्हणून तुला सांगता आलं नाही ते इथे लिहितो. मिस्साला मी मागच्या बाकावर होतो. आग्नेल वेदीशी उभा राहिला. मी नवा डोळा ताणून बघितलं. पांढरा झगा, पांढरा पट्टा, आणि काही नाही. लांबून तुझी नक्षी दिसतच नव्हती! एवढं सुईखाली गेलो ते यासाठी का, असं मनात आलं, खोटं कशाला सांगू.

मग नव्या फादरांचा आशीर्वाद घ्यायला रांग लागली. मीही लागलो. माझ्यापुढे बर्नार्ड, तो रांगेतसुद्धा आग्नेलला पेरूंची आठवण करून देत होता. माझी पाळी आली. आग्नेलने डोक्यावर हात ठेवला आणि मी डोळे मिटले. सवयीने. हात आपोआप पट्ट्यावर गेला. आखूड, लांब, लांब. बोट तिरपं उतरलं, दांड्याला टेकलं, पलीकडे चढलं. सगळी वाडी होती तिथे. माझे ओठ हलले असणार.

आग्नेल वाकून म्हणाला, "अण्णा, काही म्हणालात?"

मागे एवढी मोठी रांग होती. दोन ओळी म्हणून दाखवायचा मोह झाला, खरंच झाला. मी म्हटलं, "आमेन."

हरेश्वर

गिरीज
२० जून २००२

हरेश्वरा,

शाळा सुरू झाल्या, मला श्वास घ्यायला वेळ नाही, म्हणून थोडक्यात. मे महिन्यात आपल्या शाळेचे नवे बिल्ले करायचे होते. मधे मशाल, मागे गडद निळं भरण. सॅन्टनने मला न विचारता तुझं केळीचं पान घातलं मागे. म्हणे, "आई, ते फाटत नाही, आणि पोरांच्या खिशाला दुसरं काय पाहिजे?" फ्लॉपीवर त्याने नाव घातलंय 'अण्णा'.

आज सकाळी दूध आणायला शाळेवरून गेले. शेदोनशे पोरं मैदानात, प्रत्येकाच्या छातीवर तुझ्या दोन ओळी. कोणालाच माहीत नाही. एकाची कॉलर धरून बघितलं, टाके नीट आहेत का. तो घाबरून म्हणाला, "आजी, मी काही केलं नाही."

तुझी सांज आता निजत नाही, हरेश्वर. मधल्या सुट्टीत लंगडी खेळते.

दुसरा डोळा कधी करतोस?

कॅथरिन